थोरलीचं सुगड

आमच्या घरी संक्रांतीला पोळी होत नाही. शेजारीपाजारी तव्यावर शेंगदाण्याची, तिळाची पोळी टाकून अख्खी गल्ली खमंग करून सोडतात आणि आमच्याकडं त्या दिवशी जोंधळ्याची भाकरी, भोगीची उरलेली भाजी आणि ताक. पोळी दुसऱ्या दिवशी, म्हणजे किंक्रांतीला. किंक्रांत हा करिदिन. त्या दिवशी शुभ काम करायचं नाही, प्रवासाला निघायचं नाही, आणि आमच्या चुलीवर मात्र नेमका त्याच दिवशी गूळ. लहानपणी मला याची फार लाज वाटे. शाळेत सगळ्यांचे तिळगूळ वाटून, खाऊन, दात दुखून झाले की मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन उगवायची.

आज्जीला कारण विचारलं की ती सोप्याकडं बोट दाखवायची. सोप्यावर आबा, म्हणजे माझे आजोबा, भिंतीला टेकून चंची सोडून बसलेले असत. चंची सोडली, अडकित्त्यात सुपारी धरली, की गोष्ट येणार हे ठरलेलं.

"आपला पानपतवाला त्या दिशी पडला, बाय. संक्रांतीचा दिस. पोटात अन्न न्हाई, तसाच लढला. आणि त्याच्या वंशातल्यांनी त्या दिशी गुळाची पोळी हाणायची व्हय?"

आबा पानिपत कधी म्हणत नसत, 'पानपत' म्हणत. पुढं जुने कागद पाहायला लागले तेव्हा कळलं की त्यांचाच उच्चार जुना आहे. तर हा पानपतवाला आबांचा खापरपणजोबा. शिलेदार, म्हणजे घरचा घोडा घेऊन गेलेला. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर नव्हे. हा फरक आबा दर वेळी दोनदा सांगत. घोडा पंचकल्याणी, चारी पाय आणि तोंड पांढरं. दर वर्षी गोष्टीत थोडी भर पडायची. एका वर्षी घोड्याला चांदीचा साज आला, दुसऱ्या वर्षी घोडा एकटाच दोन महिन्यांनी वारणेकाठी परत आला. घोडा परत आला ते वर्ष मला नक्की आठवतं, कारण त्या वर्षी मी रडले होते.

आता वाटतं, महाराष्ट्रात असं घर सापडणं मुश्कील की ज्याचा एकही माणूस पानपतावर पडला नाही. भाऊसाहेबांबरोबर जेवढे गेले असतील त्याच्या दसपट लोकांचे पूर्वज तिथं मेले आहेत. उरलेले आम्ही मूळचे राजस्थानातले. एकाचाही पणजोबा गावात बसून गवत कापत होता असं मी अजून ऐकलेलं नाही. मग त्या वेळी गवत कापलं कोणी?

आबांच्या बाजूनं दोन साक्षीदार होते. पहिला हेळवी. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हेळवी सांगायला नको, पण पुण्यामुंबईकडच्यांसाठी सांगते. सुगी झाली की बेळगाव-गोकाककडून हे लोक सजवलेला बैल घेऊन येत आणि पहाटे अंगणात उभं राहून घराची वंशावळ खड्या आवाजात म्हणत. कन्नडमध्ये 'हेळु' म्हणजे सांगणं, म्हणून सांगतो तो हेळवी, असं आमच्याकडं समजत. पण कन्नडमध्ये 'हेळव' म्हणजे लंगडा, आणि त्यांच्यातली कथा अशी की मूळ पुरुष लंगडा होता म्हणून बैलावर बसून फिरे. ज्यांचं काम दुसऱ्यांची मुळं सांगायचं, त्यांच्या नावाचीच दोन मुळं. मला याची गंमत वाटते.

वंशावळ म्हणून झाली की हेळवी सोप्यावर बसे, फडक्यात बांधलेली वही सोडी आणि वर्षभरात घरात जन्मलेल्यांची नावं लिहून घेई. त्याला जोंधळे, एखादं लुगडं, बरं वर्ष असेल तर भांडं. आबांनी ऐकवलेली वंशावळ आणि हेळव्यानं म्हटलेली वंशावळ तंतोतंत जुळे, याचं मला नवल वाटे. जाणती झाल्यावर एकदा दाराआडून पाहिलं. म्हणणं संपलं होतं. आबा म्हणाले, "आणि पानपत?" हेळवी जरा थांबला. आज्जीनं सुपातले जोंधळे त्याच्या पोत्यात ओतले, आबांनी आणखी एक पायली घालायला सांगितली, आणि मग पानपत आलं, अगदी घोड्यासकट.

पण हेळव्यावर अन्याय नको. तो तोंडानं जे म्हणे ते आणि वहीत जे लिहिलेलं ते, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. वहीत फक्त नावं होती. बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली त्यांचे मुलगे. पुढं मी ती नावं उतरवून घेतली आणि साधं गणित मांडलं. आबांचा जन्म १९०७ चा. त्यांचे वडील १८८० च्या आसपासचे. पिढीला तीस वर्षं धरत मागं गेलं तर आजोबा १८५०, पणजोबा १८२०, खापरपणजोबा १७९०. पानिपतची लढाई १७६१ ची. म्हणजे आमचा शिलेदार जन्मायच्या तीस वर्षं आधी पडला.

हे गणित मी आबांच्या हयातीत मांडलं नाही. हिंमत नव्हती आणि आवश्यकताही नव्हती.

दुसरा साक्षीदार म्हणजे पेटीतला कागद. खंडेनवमीला विळे, कोयते, एक गंजकी तलवार यांच्याबरोबर त्याचीही पूजा व्हायची. हळदकुंकवानं त्याचा एक कोपरा तांबडा झाला होता. घरात कुणालाच तो वाचता येत नव्हता, कारण मोडी. सगळे त्याला 'पेशव्यांची सनद' म्हणत. आबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी तो एका निवृत्त पोस्टमास्तरांकडं नेला. त्यांनी हौसेनं मोडी शिकून घेतली होती. कागद हातावर घेऊन त्यांनी आधी वास घेतला, मग उजेडासमोर धरला. घड्यांवर तुकडे पडायला आलेले. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता बोरूनं अक्षरं तिला जोडत जातात, त्यामुळं ज्याला येत नाही त्याला सगळा कागद म्हणजे एकच लांबलचक अक्षर दिसतं. मास्तर बोट न टेकवता ओळीवरून नुसतं फिरवत होते. दहा मिनिटांनी म्हणाले, "ताई, सनद नाही ही. कैफियत आहे. तिची नक्कल."

कैफियत कुणाला? तर इनाम कमिशनला. १८४८ मध्ये कंपनीनं साताऱ्याचं राज्य खालसा केलं, १८५२ मध्ये अकरावा कायदा आला, आणि पिढ्यान्पिढ्या इनाम खाणाऱ्या लहानमोठ्या सगळ्यांना साहेब विचारू लागले की, आधार दाखवा. ज्यांच्याकडं सनदा होत्या त्यांनी दाखवल्या. ज्यांची सनद वाळवीनं खाल्ली, पुरात गेली, किंवा मुळात नव्हतीच, त्यांनी जिवाच्या आकांतानं कैफियती लिहिल्या. आबांच्या पणज्यानं बारा बिघ्यांसाठी लिहिली होती. आणि त्यात, खालून चौथ्या ओळीत, आमचा पानपतवाला होता: "आमचे वडील पानपतीं कामास आले."

मी टाळीच वाजवली. मास्तर म्हणाले, थांबा. जुन्या कागदात 'वडील' म्हणजे बाप नव्हे. वडील म्हणजे वाडवडील, मागल्या पिढीतला कोणीही. 'वडिलोपार्जित' या शब्दात तो अर्थ अजून शिल्लक आहे. आमच्या घरी कधीतरी कुणीतरी हे वाक्य कुणाकडून तरी वाचून घेतलं, 'वडील' म्हणजे बाप असा अर्थ लावला, आणि पानपतवाला दोन पिढ्या खाली ओढला गेला. माझ्या गणितात जी तीस वर्षं कमी पडत होती ती या एका शब्दात अडकली होती.

म्हणजे गोष्ट खरी ठरली का? तसंही म्हणता येईना. बारा बिघे वाचवायचे असताना, समोर कारकून दौत घेऊन बसलेला असताना, नव्वद वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला पानपतावर पाठवायला कितीसा खर्च येतो? मी मास्तरांना तसं विचारलंही. ते म्हणाले, तुमच्या आबांनी हेळव्याला एक पायली जोंधळे दिले, तुमच्या पूर्वजानं कमिशनला एक लढाई दिली. ते बारा बिघे आज आमच्या कुणाच्याच सातबाऱ्यावर नाहीत, त्यावरून निकाल काय लागला ते समजतं.

तरी एकदा पुण्याला जाऊन यायचं ठरवलं. माझे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागं 'पानिपतकर' असं भगव्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. त्यांना कागद पाहिजे होता. मला वाटतं, मलाही पाहिजे होता.

पुण्यात गेले ती भारत इतिहास संशोधक मंडळात. हे मंडळ १९१० मध्ये स्थापन झालं. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, त्यात पानपतच्या मोहिमेची पत्रंच पत्रं. गो. स. सरदेसाईंनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड. मी हे सगळं चाळलं म्हणणं खोटं होईल. नावांच्या सूच्या चाळल्या, आणि मधेमधे पत्रं वाचत बसले. भाऊसाहेब मार्च १७६० मध्ये परतूरहून निघाले तिथपासून पुढची पत्रं. चारा नाही, दाणा नाही, पैसा नाही. आबांचं "पोटात अन्न न्हाई" हे मात्र अक्षरन् अक्षर खरं होतं. घोड्याचा चांदीचा साज बनवलेला असेल, पण ती भूक कुणी बनवली नव्हती. ती कुठून तरी ऐकूनच खाली आली असणार.

आमचं नाव कुठंच नव्हतं. तिथं नेहमी बसणाऱ्या एका अभ्यासकांनी मला विचारलं, "तुमचा माणूस कुणाच्या पथकात होता?" कागद पथकाप्रमाणं असतात. सरदाराचं नाव माहीत असेल तर त्याच्या हिशेबात शोधता येतं. लढाईत मेलेल्याच्या मुलाबाळांना सरकारातून काही नेमून दिलं असेल तर 'बालपरवेशी' म्हणून नोंद मिळते. मी आठवू लागले. आबांनी घोड्याचा रंग सांगितला होता, पायांचा सांगितला होता, सरदाराचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. आणि पेशवे दप्तराच्या हजारो रुमालांत घोड्याच्या पायांवरून माणूस सापडत नाही. साध्या स्वाराची नावनिशी कोण ठेवतो? नाव नाही म्हणजे माणूस नव्हताच असं नाही, एवढंच त्या अभ्यासकांनी मला चहा पाजून सांगितलं. दादांना मी तेवढंच फोनवर कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे नव्हता असं तर कुणी म्हटलेलं न्हाई ना? बास."

परतताना एसटीत एक गोष्ट डोक्यात आली आणि मी चरकले. संक्रांतीचं काय?

लढाईची तारीख पक्की आहे: १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. चौदा जानेवारी म्हणजे संक्रांत, हे आपल्या अंगात इतकं भिनलंय की कुणी पुढं विचारच करत नाही. पण संक्रांत चौदाला आली ती अलीकडं. ती हळूहळू पुढं सरकते, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्याही आधी शंभर वर्षं गेलं तर आणखी दोन दिवस कमी. म्हणजे पानपतच्या वर्षी संक्रांत दहा जानेवारीच्या आगेमागे होऊन गेली होती. भाऊसाहेबांच्या छावणीत तिळगूळ असता तर तो चार दिवस आधीच संपला असता.

म्हणजे पानपतवाला पडला असलाच, तरी संक्रांतीला पडला नव्हता. ही गोष्ट आबांनी किंवा त्यांच्या आधीच्या कुणीतरी भिंतीवरचं कॅलेंडर बघून जोडलेली. मग आम्ही संक्रांतीला गोड का करत नाही?

हा प्रश्न तसाच राहिला असता, पण २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि तालुक्यातालुक्याला जुनी दप्तरं बाहेर निघाली. खासरा पत्रक, कुळ नोंदवही, हक्क नोंद पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, आणि गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक. ज्या मास्तरांच्या मोडीच्या नादाला घरचे हसायचे त्यांच्या दारात सकाळी सातला चपलांचा ढीग. दादांच्या मुलाला दाखला काढायचा होता, त्याच्याबरोबर मीही गेले. आमचं गाव तेव्हा सातारा जिल्ह्यातलं. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला, त्याचंच पुढं सांगली. त्यामुळं काही कागद इथं, काही तिथं. पण कोतवाल बुक सापडलं.

पोराला पाहिजे होती ती नोंद त्याला मिळाली की नाही, ती वेगळी कथा. मास्तर पानं उलटत होते आणि मी शेजारी बसून त्यांचं बोट बघत होते. १९०३ च्या पानावर ते थांबले. "हे तुमच्या आबांच्या वडिलांचं नाव ना?" मी म्हटलं, हो, पण ते तर १९४४ ला वारले. मास्तर म्हणाले, "त्यांची नाही. 'याची बायको' असं लिहिलंय. वय १९. गाठीचा ताप."

महिना जानेवारी. तारखेत एकाचा आकडा स्वच्छ आहे, पुढचा कसरीनं खाल्लाय. वरची नोंद बाराची, खालची चौदाची. त्या पानावर अकरा नोंदी आहेत आणि त्यांतल्या नवांपुढं तोच ताप.

प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि पुढं वर्षानुवर्षं गावं पोखरत राहिला. आज्जी ऐकीव सांगायची: उंदीर पडायला लागले की गाव उठायचं, माळावर खोपी पडायच्या, भांडीकुंडी, कोंबड्या सगळं रानात. घरात कुणाला गाठ आली की बाकीच्यांनी पोरं घेऊन पुढं व्हायचं. ती हे सांगायची तेव्हा आम्हाला ते खेळातल्यासारखं, वनभोजनासारखं वाटायचं.

आबांची आई मला अंधुक आठवते. तपकिरीची डबी आणि मऊ पडलेलं लुगडं, एवढंच. तिला घरात सगळे 'धाकल्या आई' म्हणत. आबाही म्हणत, गावही म्हणे. तिला जाऊ नव्हती, नणंद नव्हती. ती धाकली, तर थोरली कोण, हे आमच्यापैकी एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

आणि मला सुगडं आठवली. आज्जी संक्रांतीला पाच सुगडं मांडायची, ओल्या हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, उसाची कांडं, बोरं, ओंब्या घालून. शिवाय एक सहावं. "ह्ये थोरलीचं," असं म्हणून ते बाजूला सरकवायची. मी समजायचे की थोरलं म्हणजे मोठं सुगड. ते मोठं नव्हतं, बाकीच्यांएवढंच होतं, आणि मला वाटायचं कुंभारानं आज्जीला फसवलं. ते सुगड ती कुणा सवाष्णीला देत नसे. संध्याकाळी एकटी जाऊन वारणेच्या घाटावर ठेवून येई. एकदा मी मागं लागले तर म्हणाली, "धाकल्या आईनी लावून दिलंय. म्या ठिवती. तू घरला जा."

आज्जीनं याहून जास्त काही सांगितल्याचं मला आठवत नाही. कदाचित सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेन. सोप्यावर आबांचा घोडा दौडत असायचा. धाकल्या आईनं आपल्या सवतीचं सुगड चाळीस-पन्नास वर्षं मांडलं आणि सुनेच्या हाती दिलं, त्याचं कारण मात्र मुलाला सांगितलं नसावं. मुलगा विचारत राहिला असेल की आज पोळी का नाही, आणि त्याच्या हाती लागला तो पेटीतला पानपतवाला. हा माझा अंदाज. याला कागद नाही.

सोप्याच्या भिंतीवर आमची चौकटीतली वंशावळ आहे. झाडासारखी काढलेली, पानापानावर एकेक पुरुष. परवा मी काच उतरवली आणि आबांच्या वडिलांच्या पानाशेजारी बॉलपेननं लिहिलं: थोरली, मृ. जानेवारी १९०३. दादा चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मला वाटलं आता भांडण. ते म्हणाले, "नाव काय हिचं? माहेर कुठलं?" मी म्हटलं, हेळव्याच्या नातवाला फोन केलाय. तो आता मोटारसायकलवर येतो. वही घरी आहे, सुगीनंतर घेऊन येतो म्हणालाय. सुनांची माहेरं कुठं लिहिली असतील तर बघेन म्हणाला. पायलीचं काही बोलला नाही.

ट्रॉलीवर 'पानिपतकर' तसंच आहे. पोळी अजून किंक्रांतीलाच होते. सहावं सुगड यंदा मी ठेवलं.

तुमच्या घरात कुणाला धाकली म्हणत असतील, तर थोरली कोण होती ते विचारून ठेवा. सांगणारं माणूस अजून सोप्यावर बसलेलं आहे तोवरच.